मधले पाच दिवस

२० एप्रिल २०२४, शनिवार. त्या रात्री आमच्यातल्या निम्म्या लोकांना चेन्नईयिन हवी होती. आम्ही मुंबई सिटी या फुटबॉल संघाचे पाठीराखे, बसलो होतो अंधेरीतल्या एका हॉटेलात. मोठ्या टीव्हीवर आयपीएल, आणि मालकाच्या हातापाया पडून कोपऱ्यातल्या छोट्या टीव्हीवर लावून घेतलेला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवरचा सामना, तोही आवाज बंद करून. गोवा विरुद्ध चेन्नईयिन, जिंकेल तो उपांत्य फेरीत आमच्या समोर. हिशेबाने पाहिलं तर चेन्नईयिन सोपी. गोवा गुणतक्त्यात तिसरा होता, ४५ गुणांवर, आमचे ४७. शहाण्या माणसाने दुबळा प्रतिस्पर्धी मागावा. पण उरलेल्या निम्म्यांना, त्यात मीही आलो, गोवाच हवा होता आणि का हवा होता ते एकालाही धड सांगता येत नव्हतं. दुखरा दात जिभेने चाचपत राहतो ना माणूस, तसंच काहीसं.

गोवा २-१ ने जिंकला. टेबलावर क्षणभर कोणी बोललं नाही. मग एकाने मोबाइल काढून कोकण रेल्वेची वेटिंग लिस्ट बघायला सुरुवात केली.

क्रिकेटवर पोसलेल्या वाचकांसाठी एवढं सांगून ठेवतो की इंडियन सुपर लीगमध्ये त्या वेळच्या नियमाप्रमाणे साखळी संपली की पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत जायचे. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे संघ आधी एकेका सामन्यात एकमेकांशी भिडायचे. उपांत्य फेरी मात्र दोन सामन्यांची असायची, एक त्यांच्या अंगणात, एक आपल्या. दोन्हीकडच्या गोलांची बेरीज करायची आणि जास्त त्याचा अंतिम सामना. म्हणजे पहिला सामना संपतो तेव्हा खरं तर मध्यंतर झालेलं असतं, आणि ते मध्यंतर पंधरा मिनिटांचं नसून पाच दिवसांचं असतं. बुधवारी २४ ला फातोर्डा, सोमवारी २९ ला अंधेरी. खेळाडूंना या दिवसांत सराव असतो, मालिश असते, झोप असते. आम्हाला काय असतं? नोकरी.

जखमांचा हिशेब आधी मांडतो, कारण तो मांडल्याशिवाय ही धाकधूक कळायची नाही.

पहिली जखम नोव्हेंबर २०१५ ची. फातोर्ड्यावर गोव्याने आम्हाला ७-० ने झोडपलं. दुदू आणि हाओकिप, दोघांनीही हॅटट्रिक केली. निकोला अनेल्का आमचा खेळाडू आणि प्रशिक्षकही होता; जगाने ओवाळलेल्या माणसाला त्या रात्री काय वाटलं असेल, देव जाणे. तो साखळी सामना होता, विसरता आला असता. पण मार्च २०१९ मध्ये याच दोन संघांची उपांत्य फेरीत गाठ पडली. पहिला सामना आमच्या घरी होता आणि विसाव्या मिनिटाला बास्तोसने गोल केला. पुढची दहाएक मिनिटं अंधेरीत आम्ही जे काही गात होतो ते आठवलं की आजही कान लाल होतात, कारण सामना गोव्याने ५-१ ने जिंकला. त्यातले दोन गोल मुर्तदा फॉल नावाच्या ताडमाड सेनेगली बचावपटूचे. तीन दिवसांनी फातोर्ड्यावर आम्ही १-० ने जिंकलो. हे वाक्य आम्ही अजून कोणाला अभिमानाने ऐकवलेलं नाही. बेरीज ५-२, गोवा अंतिम फेरीत.

२०२१ मध्ये पुन्हा तेच दोघे. कोविडमुळे अख्खी स्पर्धा गोव्यात, मोकळ्या स्टेडियममध्ये झाली. ५ मार्चला २-२, ८ मार्चला बांबोळीला अतिरिक्त वेळ धरूनही ०-०. शेवटी पेनल्टी, आणि आम्ही ६-५ ने सुटलो. विजय होता, पण घरातल्या सोफ्यावर, मास्कच्या दिवसांत, शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून उशीत तोंड खुपसून साजरा केलेला. तो माझ्या खात्यात पूर्ण जमा झालेला नाही. पुढे त्याच हंगामात मुंबईने करंडकही जिंकला, तोही फातोर्ड्यावर, तोही रिकाम्या खुर्च्यांसमोर.

तर २०२४ पर्यंत उपांत्य फेरीचा हिशेब १-१. आणि ताज्या जखमेची खपली तर अजून धरायची होती. १५ एप्रिलला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर साखळीतला शेवटचा सामना होता आणि मोहन बागानविरुद्ध नुसती बरोबरी केली असती तरी साखळीतल्या पहिल्या क्रमांकाची लीग शील्ड आमची होती. साठ हजारांवर प्रेक्षकांसमोर २-१ ने हरलो. त्यांचा पहिला गोल लिस्टन कुलासोचा, आणि लिस्टन कुठला? गोव्याचा.

इथे जरा थांबतो, कारण या वैराची मौज इथेच आहे. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यात घोटी आणि बांगाल, म्हणजे पश्चिम आणि पूर्व बंगाल, असा वेगळ्या मातीचा वाद तरी आहे. मुंबई आणि गोवा यांच्यात तसं काही सापडत नाही. धोबीतलावला जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिच्यात आणि आसपासच्या गल्ल्यांत गोव्यातल्या गावागावांचे कूड. बोटीवर जाणाऱ्या खलाशाने मुंबईत उतरावं, आपल्या गावच्या कुडात पेटी ठेवावी, बोट मिळेपर्यंत तिथेच राहावं. त्या पेट्यांबरोबर गोव्याचं बरंच काही मुंबईत आलं: बँडवाले, आचारी, बेकरीवाले आणि फुटबॉलपटू. तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर कुपरेजचं मैदान. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स कप ही स्पर्धा मुंबईची होती. आमच्या वाडवडिलांना कुपरेजचा फुटबॉल म्हणजे तीच ठाऊक. गोव्यात म्हणे १८८३ मध्ये शिवोलीला एका परदेशी पाद्र्याने पोरांच्या पायात चेंडू दिला. कोणी कोणाला फुटबॉल शिकवला हे भांडण दोन पेगनंतर सुरू होतं आणि चौथ्या पेगला संपतं.

क्लबांच्या जमान्यात मात्र गोवा मोठा भाऊ होता, हे मान्य करावंच लागेल. धेंपोने देशाचं विजेतेपद पाच वेळा घेतलं. साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स होतेच. मुंबईच्या बाजूने महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं की ज्याच्यासाठी घसा फोडायचा तो संघ एका पत्रकावर संपू शकतो. गोव्यालाही हे चुकलं नाही. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. आज निळे आणि नारिंगी शर्ट घालून एकमेकांवर ओरडणारे आम्ही, दोघेही अशा बंद पडलेल्या घरांतून आलेले आहोत.

आणि खेळाडू तर या घरातून त्या घरात सारखे ये-जा करतात. २०२० मध्ये सर्जिओ लोबेरा हा प्रशिक्षक गोव्यातून मुंबईत आला आणि येताना फॉल, बुमूस, जाहू, मंदार राव देसाई अशी अख्खी पंगत घेऊन आला. २०१९ मध्ये आमच्यावर दोन गोल करणारा फॉल २०२१ च्या उपांत्य फेरीत आमच्यासाठी गोव्यावर गोल करत होता. दुसरा गोल बुमूसचा. त्या पेनल्टींतली निर्णायक मारली रॉवलिन बोर्जेसने. हा गोव्याचा पोरगा मुंबईच्या शर्टात होता, आणि २०२३-२४ च्या हंगामात पुन्हा गोव्याकडे. उलट दिशेची गोष्ट राहुल भेकेची. मुंबईत वाढलेल्या या मुलाने २०१९ च्या अंतिम सामन्यात अंधेरीच्याच मैदानावर, पण बंगळुरूसाठी, अतिरिक्त वेळेत गोव्याचा करंडक हिरावला. आम्ही त्या दिवशी परक्याच्या गोलावर नाचलो होतो. २०२४ ला तोच भेके आमचा कर्णधार. अशा स्थितीत शिव्या घालायच्या तरी कोणाला, हा खरोखरचा प्रश्न असतो. शर्टाला घालायच्या, हे उत्तर आम्ही वेळोवेळी काढलेलं आहे.

माझ्या बाबतीत गुंता जरा जास्तच आहे. आई मडगावची. मामेभाऊ फातोर्ड्यापासून स्कूटरने सात-आठ मिनिटांवर राहतो आणि २०१४ पासून एकही घरचा सामना चुकवल्याचं मला माहीत नाही. शनिवारी रात्री सामना संपताच त्याचा फोन आला. तो काही बोलला नाही, फक्त हसत राहिला. मग म्हणाला, "तिकीट मी काढतां. तू फक्त यो."

फक्त यो! एप्रिलचा चौथा आठवडा, शाळांना सुट्ट्या, कोकणातली लग्नं, आंबे. चाकरमान्यांनी चार-चार महिने आधी आरक्षणं करून ठेवलेली, आणि आमचा प्रतिस्पर्धी ठरला चार दिवस आधी. आमच्यातला एक मुलगा विरारचा, गोदामात कामाला. त्याने सरळ खाजगी बसचं मागच्या बाकावरचं तिकीट काढलं; पनवेलपासून मडगावपर्यंत हाडं मोजत जाण्याची त्याची तयारी होती. मी तत्काळच्या खिडकीसाठी मोबाइलवर अंगठा ठेवून बसलो. निघण्याआधीचे दोन दिवस ऑफिसात काय केलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की कागदावर संघ मांडायचो. छांगटे उजवीकडून, बिपिन डावीकडून, पुढे परेरा डियाझ. कागद चुरगाळायचा, पुन्हा तोच संघ मांडायचा. पीटर क्रॅटकी या आमच्या प्रशिक्षकाला डिसेंबरात अर्ध्या हंगामातून गाडी हातात मिळाली होती. ती त्याने घाटातून नीट काढली खरी, पण शेवटच्या वळणावर कोलकात्यात घासली. समोर मानोलो मार्केझ, ज्याने हैदराबादला करंडक जिंकून दिलेला. कागदावर गोवा भारी वाटायचा. मग मी कागद उलटा धरून बघायचो.

२३ च्या रात्रीची कोकणकन्या मिळाली. हनुमान जयंतीची पौर्णिमा होती. रोह्याच्या पुढे दरवाजात उभा राहिलो तर नद्या चांदीच्या पत्र्यासारख्या दिसत होत्या. डब्यात निळा शर्ट घातलेले आम्ही तिघे होतो, एकमेकांना अनोळखी. रत्नागिरीला चहा घेताना एकाने विचारलं, "किती?" मी म्हणालो, "बरोबरी चालेल." तो म्हणाला, "बरोबरी धावेल." एवढंच संभाषण झालं. खरं म्हणजे बाहेरच्या मैदानावर जाणारा पाठीराखा मनातून विजय मागतच नाही. फक्त सोमवारपर्यंत जीव शाबूत राहू दे, एवढंच मागणं असतं.

मडगावला मामेभावाने माझा निळा शर्ट पिशवीत घालायला लावला. मी त्यांच्या स्टँडमध्ये, त्यांच्यात बसणार होतो. मुंबईहून आलेली मंडळी पलीकडच्या कोपऱ्यात, मूठभर. स्टेडियमबाहेर रस ऑम्लेटचे गाडे. शागोतीच्या रश्श्यात बुडालेलं ऑम्लेट, वर कांदा, लिंबू आणि बाजूला पाव. गाड्यावरच्या माणसाने नारिंगी पट्टा कपाळाला बांधलेला आणि तो प्रत्येक गिऱ्हाइकाला स्कोअर विचारत होता. सामना सुरू व्हायला तास होता. माझ्या मामेभावाने "तीन-शून्य" सांगितलं, तर त्याने पावाचा एक तुकडा जास्त दिला. मला विचारल्यावर मी "बघूया" म्हणालो. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. कळलं असावं. पाव तेवढेच मिळाले.

सोळाव्या मिनिटाला बोरिस सिंगने गोल केला. छप्पन्नाव्याला ब्रँडन फर्नांडिसने दुसरा. ब्रँडन हा गोव्याचा लाडका. २०१९ च्या त्या पाचांतला एक गोल त्याचाही होता. फातोर्ड्याचं स्टेडियम बोलायला लागलं की ओरडा कानाने कमी आणि बाकड्यातून जास्त ऐकू येतो. माझ्या मांडीवर पिशवी होती आणि तिच्यात निळा शर्ट. मी तो पिशवीतल्या पिशवीत मुठीत धरून बसलो होतो. २-०. डोक्यात २०१९ ची बेरीज सुरू झाली. सोमवारी तीन गोल लागतील. तीन कोण करणार?

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला मामेभाऊ उठला. "चल, गाडी काडूंया. मागीर गर्दी जाता." आमच्या ओळीतली आणखीही माणसं उठत होती. आनंदात सगळेच सैल होतात. किल्ल्या निघाल्या, पाण्याच्या बाटल्या उचलल्या गेल्या. आम्ही पायऱ्यांवर असताना छांगटेने एक परतवला. नव्वदावं मिनिट. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मामेभाऊ पायरीवर थांबला मात्र. मिनिटभरात विक्रम प्रताप सिंगने दुसरा घातला. २-२. आता पायऱ्यांवरचे सगळे उभ्याच्या उभे थांबले, कोणी वर जाईना, कोणी खाली उतरेना. माझ्या पुढे एक वयस्क गृहस्थ होते, हातात हेल्मेट. ते हेल्मेट त्यांनी डोक्यात घातलं आणि काच खाली ओढली. विनोद करत नव्हते. त्यांना बघायचं नव्हतं आणि जायचंही नव्हतं.

सहाव्या जादा मिनिटाला छांगटेने तिसरा केला. २-३.

अशी शांतता मी मसणातही ऐकलेली नाही. फक्त पलीकडच्या कोपऱ्यातून, त्या मूठभरांतून, बारीक आवाज येत होता. विरारचा पोरगा त्यांत असणार. माझ्या तोंडून काहीही निघालं नाही. उजव्या हाताला पिशवीचा बंद इतका करकचून गुंडाळला होता की बोटं पांढरी झाली होती. मामेभाऊ म्हणाला, "अजून सोंपूंक ना." आणि मग घरापर्यंत स्कूटरवर एक शब्द नाही. मामीने विचारलं, जेवताय ना रे दोघे? तो म्हणाला, याला वाढ.

आता ते मधले पाच दिवस.

लोकांना वाटतं, आघाडी मिळाली की झोप लागते. उलट आहे. मागे असलेल्याला गमवायचं काही नसतं. तो शांतपणे तीन-शून्यची स्वप्नं बघतो. पुढे असलेल्याला आता स्वतःची माती कशी होऊ शकते याची शंभर चित्रं दिसतात. आणि ही माती आम्ही नुकतीच पाहिलेली होती. नव्वद मिनिटांपर्यंत दोन गोलांनी पुढे असलेले लोक सहा-सात मिनिटांत कसे रिते होतात, हे त्यांच्याच पायऱ्यांवर उभं राहून पाहिलं होतं. आम्ही तर एकाच गोलाने पुढे होतो.

गुरुवारी मी परत आलो. शुक्रवारी मुंबईत उकाड्याने कहर केला. शनिवार-रविवारी उष्णतेच्या लाटेचे इशारे होते. वानखेडेवर त्या हंगामात मुंबई इंडियन्सचे चाहते स्वतःच्याच कर्णधाराची हुर्यो उडवत होते, पेपरांची पानंच्या पानं त्यावर. आमच्या सामन्याला आतल्या पानावर दोन परिच्छेद. या शहरात फुटबॉलचा चाहता असणं म्हणजे मोठ्या कुटुंबात धाकट्या सुनेचं माहेर असणं, आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, विचारत कोणी नाही. अंधेरीचं मैदानही तसंच, शहाजी राजे संकुलाच्या पोटात सात हजारांच्या आसपास खुर्च्यांचं. आझाद नगरच्या मेट्रोतून उतरलेल्या माणसाला प्रकाशाचे खांब दिसेपर्यंत आत स्टेडियम आहे हे कळत नाही. पण लहान जागेचा एक फायदा आहे. तिथे तुमचा आवाज तुम्हाला स्वतःला ऐकू येतो, आणि कधीकधी खेळाडूलाही.

रविवारी संध्याकाळी आम्ही काही जण ढोल तपासायला जमलो. एकाचं चामडं उन्हाने ताठलं होतं, दुसऱ्याची दोरी सैल. फरशीवर पसरलेल्या निळ्या कापडावर दोन मुली बसून अक्षरं रंगवत होत्या. गोव्याला काय डिवचायचं यावर वाद झाला. एकाने फेणीवरचा विनोद सुचवला, तो जुना म्हणून बाद. एकाने ७-० ची आठवण काढली तेव्हा त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. शेवटी फक्त "आमची सिटी" एवढंच लिहायचं ठरलं. "सि" ची वेलांटी कापडाबाहेर गेली. कोणी ती पुन्हा काढली नाही, अपशकुन नको म्हणून. विरारच्या पोराने बुधवारपासून शर्ट धुतलेला नव्हता, हे दहा फुटांवरून कळत होतं.

सोमवारी दुपारी मामेभाऊ दादरला उतरला, मुलाला घेऊन. मुलगा बारा वर्षांचा, नारिंगी शर्ट, पाठीवर ब्रँडनचं नाव. मी त्यांना घरी जेवायला घातलं, मेट्रोत बसवलं, गेटपर्यंत सोबत गेलो. तिथे त्यांना एका बाजूला पाठवून मी दुसऱ्या बाजूला गेलो. बाप-लेकांनी मागे वळून पाहिलं नाही. मीही नाही. तसा नियमच आहे.

दुसऱ्या सामन्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एकोणसत्तराव्या मिनिटापर्यंत श्वास धरला होता. परेरा डियाझने तो सोडवला. त्र्याऐंशीव्याला छांगटेने दुसरा गोल केला. २-० आणि बेरीज ५-२. तीच बेरीज, २०१९ चीच, फक्त उलटी. ४ मे ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून भेकेने करंडक उचलला, तीन आठवड्यांच्या आत त्याच मैदानावर. तो दिवस मोठा होता. पण खरं सांगायचं तर मला ते पाच दिवस जास्त लख्ख आठवतात.

२९ च्या रात्री गेटवर भेटलो तेव्हा मुलाचे डोळे सुजले होते. मी त्याला आइसक्रीम देऊ केलं. त्याने घेतलं, पण खाईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

उन्हाळा सरला आणि बातमी आली. ब्रँडन फर्नांडिस मुंबई सिटीत. भेके पुन्हा बंगळुरूला. परेरा डियाझही तिकडेच. मामेभावाला फोन करावा की नाही, दोन दिवस ठरेना. केला तेव्हा त्याने पावसाचंच विचारलं.

सप्टेंबरात गणेश चवथीला मडगावला गेलो. नवा हंगाम आठवड्यावर आला होता. ओसरीवर माटोळी बांधणं चाललं होतं. सुपाऱ्यांचे घोस, तवशी, कावंडळं, सगळं जमिनीवर पसरलेलं. मुलगा शिडीवर होता आणि हाताला चीक लागू नये म्हणून त्याने जुना नारिंगी शर्ट मनगटाला गुंडाळला होता. पाठीवरचं नाव अर्धं दिसत होतं. मी खालून तवशाचा वेल वर दिला. त्याने तो घेतला, मग माझ्याकडे बघितलं.

"काका," तो म्हणाला, "तो डाव्या पायान मारता. तुमच्या कोचाक खबर आसा मू?"